डावीकडची झडप

शिडीवर

वीज कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा आमच्या सक्करदऱ्याच्या कार्यालयात खांबावर चढणारी मी एकटीच बाई होते. शिडी, सेफ्टी बेल्ट आणि पक्कड हेच माझं अकरा वर्षं रोजचं आयुष्य. नागपुरात एप्रिल-मे म्हणजे आमच्या कामाचा कळस. कूलर सुरू झाले की लोड वाढतो, फ्यूज उडतात, आणि लोक गच्चीवरून आम्हाला नावं ठेवत बघत बसतात.

त्या एप्रिलात एका सकाळी मी शिडीवर अर्ध्यात थांबले. थांबावंच लागलं. वर सहा पायऱ्या उरल्या होत्या आणि छातीत हवा शिरत नव्हती. तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते, पण तो गळ्यापाशीच संपत होता. हृदय इतक्या जोरात धडधडत होतं की शर्टावरूनही ते मला हाताला लागत होतं.

खाली शिडी धरून भाऊराव काका उभे होते. आमचे जुने लाइनमन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"काय झालं वं अर्चना?"

"काही नाही काका. ऊन लागलं."

"सकाळी दहाले ऊन? खाली ये."

"दोन मिनिटं द्या, करते मी."

"खाली ये म्हणून राहिलो ना."

खाली आले आणि खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाला लावला. त्यावर रक्ताची बारीक रेघ होती. मी रुमाल मुठीत दाबला, पण काकांनी पाहिलंच होतं. माझ्या कमरेचा बेल्ट सोडवून त्यांनी स्वतःला बांधला आणि त्या वयात ते वर चढले. मी शिडी धरून उभी राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि माझी लाजही वाटत होती. काम उरकून उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या दवाखान्यात जाजो. नाहीतर मी साहेबाले सांगतो."

खरं सांगायचं तर हे एकाएकी झालं नव्हतं. वर्षभर जिना चढताना दम लागत होता, तो मी वाढत्या वयाच्या नावावर टाकला. तेव्हा मी छत्तीसची होते. रात्री आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून मी दोन उशा घ्यायला लागले, मग तीन. नवऱ्याने विचारलं तर पित्त म्हणायचे. रक्त वाढायच्या गोळ्या स्वतःच आणून खाल्ल्या. ज्या कामात 'बाईला जमेल का' हे पहिल्या दिवसापासून ऐकलं, त्या कामात मला दम लागतो हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. वर्ष वाया गेलं ते आजाराने नाही, माझ्या या लपवालपवीने. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आत्ता तिसरी उशी घेत असेल.

डॉक्टर मॅडमचं चित्र

दुसऱ्या दिवशी नरेशला, म्हणजे नवऱ्याला, घेऊन गेले. तो महालात एका छापखान्यात कटिंग मशीनवर आहे. त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, बारापर्यंत परत जाऊ असं आमचं ठरलं होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली. मग मला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि पुन्हा लावली. बराच वेळ त्यांनी ती हलवली नाही. एरवी ते तपासता तपासता गप्पा मारतात. ते गप्प झाले तेव्हा नरेशने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "घरी नका जाऊ. इथूनच सरळ जा."

हृदयाच्या दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत छातीवर गार जेली लावून पडद्यावर माझं हृदय दाखवलं गेलं. मी मान वळवून बघत होते. राखाडी धुकं, आणि त्यात काहीतरी उघडझाप करणारं. मला काहीच कळलं नाही, पण तपासणाऱ्याने एकाच जागेची मापं चार-पाच वेळा घेतली, हे मात्र कळलं.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी समोर बसवलं. चाळिशीच्या असतील, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, त्याचे चार भाग केले.

"हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप समजा. अंगभर फिरून थकलेलं रक्त उजवीकडे येतं. उजवा पंप ते फुप्फुसांकडे पाठवतो. तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो, आणि ते डावीकडच्या या वरच्या कप्प्यात येतं. इथून खालच्या कप्प्यात उतरतं. खालचा कप्पा आवळला की रक्त डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत जातं. आपण झोपलो तरी हे काम थांबत नाही."

"आणि मध्ये या रेघा?" मी विचारलं.

"ती दारं. झडपा. रक्त पुढे गेलं की झडप मिटते, मागे येऊ देत नाही. तुमची डावीकडची, वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप खराब आहे. तिला दोन पातळ पाती असतात. तुमची जाड झालीत, कडेने चिकटलीत, वर चुन्यासारखा थर बसलाय. जिथून दोन बोटं सहज जावीत, तिथून आता पेन्सिल जेमतेम जाईल."

"मग रक्त जातं कुठं?"

"मागे तुंबतं. वरचा कप्पा फुगतो, त्याच्या मागे फुप्फुसांवर दाब येतो. म्हणून धाप लागते. म्हणून आडवं झालं की खोकला."

आयुष्य विजेत गेलेलं असल्यामुळे रक्ताचं मला काही ठाऊक नव्हतं, पण पुढे रस्ता अरुंद आणि मागून दाब, एवढं समजायला वेळ लागला नाही. वर्षभर जे पित्त म्हणून गिळत होते, ते हे होतं.

मॅडमनी विचारलं, "लहानपणी कधी घसा दुखून ताप आला होता? मग गुडघे, घोटे सुजले होते?"

मला आठवलं. आठ वर्षांची असेन. मौद्याजवळच्या आमच्या गावी मी कित्येक दिवस चालू शकत नव्हते. आई मला कडेवर घेऊन बाहेर न्यायची. मग दर काही दिवसांनी मौद्याला जाऊन कमरेत एक फार दुखणारी सुई घ्यावी लागे. पुढे ती बंद झाली.

"तो संधिवाती ताप," मॅडम म्हणाल्या. "सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर तो खूण ठेवून जातो. पुन्हा पुन्हा आला तर खूण खोल होते. ती सुई तो पुन्हा येऊ नये म्हणून असते. किती वर्षं घेतली?"

"आठवत नाही," मी म्हणाले. खरंच आठवत नव्हतं.

नरेशने विचारलं, "ऑपरेशन करावं लागन का?"

"हो. पाती इतकी कडक झालीत की नसेतून फुगा घालून उघडता येणार नाहीत. झडप बदलावी लागेल."

मी विचारलं, "मला खांबावर चढता येईल ना?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आज घरचा जिना चढू नका. बाकी पुढच्या वेळी बोलू."

आई

आईला मी फोनवर फक्त ऑपरेशन आहे एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने आली. हातात कपड्यांची पिशवी, आणि आल्या आल्या विचारलं, "काय बदलून राहिले?"

मी तिला मॅडमचं चित्र दाखवलं, लहानपणीचा ताप सांगितला. ती कागद हातात धरून बसली. मग ती बोलली, आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"डॉक्टरनं सांगतलं होतं मले. एकवीस दिवसांनी सुई, मोठी होईपर्यंत. दोन वर्षं नेलं तुले मौद्याले. मग तुही आत्या म्हणे, पोरीले हृदयाची सुई चालू हाये हे लोकायले समजलं त इले सून कोण करन? तू त अंगणात लंगडी खेळून राहिली होती. मले वाटलं, बरी झाली."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. त्यायले मी सांगतलं, डॉक्टरनंच बंद केली."

मी म्हणाले, "जेवून घे तू," आणि आतल्या खोलीत गेले. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंही बोलले नाही. ती ओट्यापाशी उभी राहून स्वयंपाक करायची, ताट माझ्यासमोर ठेवायची, मी जेवायचे. मोठेपणा दाखवायचा असता तर लिहिलं असतं की मी तिला लगेच समजून घेतलं. नाही घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून हिशोब लावत होते की ती सुई चालू राहिली असती तर मी आज कुठे असते. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, कदाचित झडप इतकी बिघडली नसती, कदाचित बिघडलीही असती, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या 'कदाचित'चा मला फार त्रास झाला.

म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. घरातल्या लेकराचा घसा धरून ताप आला आणि मग सांधे सुजले, तर डॉक्टरांकडे न्या. आणि सुई लिहून दिली तर ती डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा. लेकरू अंगणात खेळतंय यावरून काही ठरवू नका.

दोन झडपा

पुढच्या भेटीत मॅडमनी कृत्रिम झडपांचे दोन नमुने टेबलावर ठेवले. एक धातू आणि काळ्या कार्बनची, तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढ्या कड्यात दोन पाती. दुसरी जनावराच्या ऊतीपासून केलेली, मऊ, पांढरट.

काळी झडप बहुधा आयुष्यभर टिकते. पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, तीही आयुष्यभर. अशा माणसाला मार लागला तर रक्त लवकर थांबत नाही. उंचीवरून पडला, डोक्याला लागलं, तर फारच वाईट. पांढऱ्या झडपेला ती गोळी काही महिनेच लागते, मग साधी, हलकी गोळी. पण ती तरुण वयात लवकर झिजते. दहा-पंधरा वर्षांनी छाती पुन्हा उघडायची.

म्हणजे काळी घेतली तर खांब सुटला. पांढरी घेतली तर खांब राहिला, पण दुसरं ऑपरेशन ठरलेलं.

मी तिथेच सांगितलं, "पांढरी."

"तुमच्या वयाला मी काळी सुचवेन," मॅडम म्हणाल्या. "पण झडप तुमच्या छातीत राहणार आहे. घरी बोला. आठवडा आहे."

घरी बोलणं झालं ते असं झालं.

"एकदाच होऊ दे अर्चना," नरेश म्हणाला. "पुन्हा पुन्हा काहून छाती फाडायची?"

"तुम्हाले कळून राहिलं का तुम्ही काय म्हणून राहिले? मी खाली बसून काय करू? लोकायच्या तक्रारी लिहू?"

"लिही मग. जिवंत तर राहशीन."

"तुमचं कटिंग मशीन काढून घेतलं असतं तर तुम्ही असं म्हटलं असतं?"

तो उठून गॅलरीत गेला. आमच्या दहा वर्षांच्या संसारात तो असा उठून कधी गेला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. या बाबतीत बोलायचा आपला हक्क संपला असं तिने ठरवलं होतं.

तनू, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. ती कूलरसमोर वही घेऊन बसली होती. ती ऐकत नाही असं आम्ही समजत होतो.

"आई, पंधरा वर्षांनी मी केवढी असीन?"

"चोवीस."

तिने थोडा विचार केला. आदल्याच आठवड्यात तोंडातून नळी घालून माझी तपासणी झाली होती, तेव्हा नरेशने कागदावर सही केलेली तिने पाहिली होती.

"मग तेव्हा सही मी करीन का? बाबासारखी?"

तिला भीती वाटत होती असं नाही. ती फक्त विचारत होती, शाळेच्या सहलीच्या कागदावर कोण सही करेल असं विचारावं तसं. पण मला ती चोवीस वर्षांची दिसली, दवाखान्याच्या काउंटरवर पेन धरून उभी. आपल्या आईने ठरवलेल्या गोष्टीचं ओझं वाहणं कसं असतं, हे मला त्याच आठवड्यात नीट कळलं होतं.

सकाळी मी मॅडमना फोन करून काळी सांगितली. ठरवलं ते मीच, पण आनंदाने ठरवलं असं नाही. फोन ठेवल्यावर मी दारामागे टांगलेला माझा बेल्ट काढून कपाटात वरच्या फळीवर टाकला.

मशीनवरच्या ताई

ऑपरेशनच्या आधी चार दिवस दवाखान्यात ठेवलं. आधी दात तपासले, कारण दातातला जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतो, हे मला तिथे कळलं. एक दात काढला. श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं खेळणं देतात. त्यात श्वास ओढला की गोळ्या वर उडतात. माझी एकच उडायची. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या दोन उडायच्या आणि त्या माझ्याकडे बघून हसायच्या. सकाळी सहाला वजन, मग रक्त, मग नाश्ता. लघवीही मोजून. माझ्यासारख्या बाईला, जिचा दिवस कुठल्या रस्त्यावर जाईल हे सकाळी माहीत नसायचं, तिला या ठरलेल्या वेळांनी उलट बरं वाटलं.

आदल्या दुपारी एक बाई आल्या. मला वाटलं नर्स असतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी उद्या मशीनवर असणार. तुमचं वजन, उंची बघायला आले. रक्त किती वेगाने फिरवायचं ते त्यावर ठरतं."

"म्हणजे?"

"झडप शिवताना हृदय हलून चालत नाही. म्हणून ते थांबवतात. तेवढा वेळ तुमचं रक्त नळीने माझ्या मशीनमध्ये येतं, तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो, आणि मी ते परत अंगात पाठवते. हृदयाचं आणि फुप्फुसांचं, दोन्हीचं काम तेवढा वेळ माझ्याकडे."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "आणि लाइट गेली तर?"

त्या हसल्या. "कुठे काम करता?"

मी सांगितलं. मग त्यांनी मला एका सहकाऱ्याला सांगावं तसं सगळं सांगितलं. दवाखान्याचा जनरेटर आहे. मशीनला स्वतःची बॅटरी आहे. आणि तीही गेली तर पंपाला हँडल लावून तो हाताने फिरवता येतो, त्याचा त्या सराव करतात.

"खऱ्या वेळी फिरवावं लागलं कधी?"

"अजून नाही. पण हात तयार असतो."

मी विचारलं, "हृदय पुन्हा सुरू कसं होतं?"

"त्याला त्याचं रक्त परत मिळालं की बहुतेक वेळा आपणहून. नाही झालं तर हलका झटका देतात."

"विजेचा?"

"विजेचा."

अकरा वर्षं ज्या झटक्यापासून वाचण्यासाठी मी रबरी हातमोजे घालत होते, तोच उद्या कोणी मला मुद्दाम देणार होतं. याचं मला इतकं हसू आलं की त्यांनाही आलं. तेवढ्या दिवसांत देवाचं नाव घ्यायला सांगणारे बरेच भेटले. पण त्या हँडलच्या गोष्टीने मला जो धीर दिला तो कशानेच दिला नाही. मला माहितीने धीर येतो. तुम्हालाही येत असेल तर विचारा, लाजू नका. सांगणारे असतात.

सकाळी ट्रॉलीवरून नेताना नरेशने माझा हात धरला होता. दाराशी त्याला थांबवलं. तो म्हणाला, "मी इथंच हावो." मी म्हणाले, "जेवून घ्या मधे." एवढंच बोललो आम्ही.

शुद्धीवर

शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. हे आधी सांगितलेलं असतं, तरी त्या क्षणी ते आठवत नाही. आपण गुदमरतोय असं वाटतं. हात नळीकडे जाऊ नयेत म्हणून पट्टीने बांधलेले. एक नर्स कानाशी आली आणि हळू म्हणाली, "अर्चनाताई, ऑपरेशन झालं. मशीन तुमच्यासाठी श्वास घेतंय, त्याच्याशी भांडू नका. छाती सैल सोडा." मी सोडली. काही तासांनी नळी निघाली. पाणी प्यायला नव्हतं, तिने ओल्या कापसाने ओठ पुसले. इतकं चवदार पाणी मी मेच्या दुपारी खांबावरून उतरूनही कधी प्यायले नव्हते.

दुखणं सांगते. छातीचं हाड मधून कापून तारेने बांधलेलं असतं. बसलं तर दुखतं, पण खोकलं तर जीव जातो. आणि खोकायला तर लावतातच. छातीवर उशी घट्ट कवटाळायची आणि खोकायचं. तिसऱ्या दिवशी चालवलं. दहा पावलं. पण त्या दहा पावलांत मला एक गोष्ट जाणवली. पाय थकले, कंबर थकली, पण श्वास पुरला. वर्षभरानंतर पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

आणि आवाज. आजूबाजूला शांत झालं की छातीतून बारीक टिक टिक ऐकू यायची, मनगटी घड्याळ कानाशी धरावं तशी. नवी झडप मिटताना होणारा आवाज. पहिले काही दिवस मी तो मोजत पडून राहायचे आणि घाबरायचे. मध्येच चुकला तर?

पाचव्या दिवशी मी कारण नसताना रडले. चहा गार होता म्हणून रडले. नरेश घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाला. नर्स म्हणाली, यानंतर बऱ्याच जणांना असं होतं, मोठ्या मोठ्या पुरुषांनाही होतं, रडू द्या त्यांना. हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगते.

त्याच दुपारी आई आली. माझे हात डोक्यापर्यंत जात नव्हते, केसांचा नुसता गुंता झाला होता. तिने न विचारता फणी काढली आणि मागे बसून एकेक बट सोडवायला लागली. जराही ओढ लागू न देता. थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"हे काय वाजून राहिलं?"

"झडप."

ती पुढे वाकली, माझ्या पाठीला कान लावला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठीवर ओलं लागलं तेव्हा कळलं.

"माह्यामुळं झालं हे," ती म्हणाली.

मी दोन आठवडे या वाक्याची वाट पाहत होते. त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते बोलले नाही. गावात तेव्हा आत्यांचं बोलणं डॉक्टरांपेक्षा खरं होतं आणि आई पंचवीस वर्षांची होती. मी म्हणाले, "तू सुई बंद केली. ताप तू आणला नाही. आता वेणी घाल, घट्ट नको."

तिने वेणी घातली. माफ केलं असं मी म्हणणार नाही, तो शब्द मोठा आहे. पण त्यानंतर आम्ही बोलायला लागलो.

घरी

घरी आल्यावरचे तीन महिने दवाखान्यापेक्षा अवघड गेले. दवाखान्यात सगळेच आजारी असतात. घरी तुम्ही एकटेच. पाण्याची बादली उचलायची नाही, कुशीवर झोपायचं नाही, गाडी चालवायची नाही. नरेश माझ्यामागे सावलीसारखा. मी उभी राहिले की तोही उभा. एकदा मी कांदा चिरायला घेतला तर त्याने हातातून सुरी काढून घेतली.

"रक्त पातळ हाये तुझं."

"म्हणून मी कांदा चिरायचा नाही?"

"मी चिरतो."

"तुम्ही आयुष्यभर चिरणार हाये का?"

"चिरीन," तो म्हणाला, आणि खरंच चिरायला बसला. त्याचे डोळे भरले होते. ते कांद्याने का कशाने, हे मी विचारलं नाही. कटिंग मशीनवर रिमच्या रिम सरळ कापणाऱ्या माणसाने कांद्याचे जे तुकडे केले, ते बघून मात्र आम्ही दोघंही खूप दिवसांनी हसलो. मग आमचं ठरलं. जे मॅडमनी मना केलं ते मी करणार नाही, आणि जे मना केलं नाही त्यात तो मध्ये पडणार नाही.

गोळी रोज ठरलेल्या वेळेला. सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला रक्त किती पातळ झालं ते तपासायचं. पालक, मेथी बंद नाही, पण आज भरपूर आणि उद्या अजिबात नाही असं नको, कारण त्याने गोळीचं काम कमी-जास्त होतं. दात काढायचा असो की दुसरं काही दुखणं, आधी सांगायचं की छातीत झडप आहे. आणि ती सुई, एकवीस दिवसांची, पुन्हा सुरू झाली. पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा आई सोबत आली. पुढची तारीख तिने विचारून घेतली आणि गावी परत जाताना मला दोनदा म्हणून दाखवली.

टिक टिकीची सवय झाली. तनू परीक्षेचा अभ्यास करताना म्हणते, आई जरा तिकडे बस, तुझा आवाज येतो.

कामावर

पाच महिन्यांनी मी कार्यालयात गेले. साहेबांनी टेबल तयार ठेवलं होतं, तक्रारी लिहून घ्यायचं. चांगल्या मनाने ठेवलं होतं. मी सांगितलं, मला उपकेंद्रात यंत्रचालक व्हायचंय. उपकेंद्र म्हणजे जिथून सगळ्या भागाच्या लाइनी सुटतात, बंद होतात.

"तिथंही वीजच आहे ना," साहेब म्हणाले.

"आहे साहेब. पण उंची नाही. मला धोका पडण्याचा आणि मार लागण्याचा आहे, विजेचा जेवढा सगळ्यांना तेवढाच."

मॅडमचं पत्र दिलं. वैद्यकीय मंडळासमोर तीनदा गेले. दुसऱ्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आरामाचं काम मिळतंय तर का नाही म्हणता? मी म्हणाले, आराम झाला माझा. कागद फिरत राहिले, मी त्यांच्यामागे फिरत राहिले. शेवटी प्रशिक्षणाला पाठवलं. मी परीक्षा दिली आणि पास झाले.

खांबाची आठवण येते. खोटं कशाला बोलू? पाऊस येऊन गेल्यावर वरून जे शहर दिसतं, ते जमिनीवरून दिसत नाही. ज्यांना या आजारात काही सोडावं लागेल, त्यांना मी असं सांगणार नाही की त्याचं वाईट वाटत नाही. वाटतं. वाटत असतानाच कामावर जायचं असतं.

उपकेंद्रात माझ्या एकटीच्या पाळीचा तो पहिला आठवडा होता. दुपारी फोन वाजला. माझ्या जागी आलेली कोमल, तेवीस वर्षांची. "मॅडम, मोठ्या लाइनचा जंपर जळाला. परमिट पाहिजे."

जंपर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, आणि परमिट म्हणजे चढायची परवानगी. मी त्या भागाची लाइन बंद केली. बंद झाली का ते डोळ्यांनी पाहिलं, कारण पॅनेलवरच्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही असं शिकवलेलं असतं. चुकून प्रवाह आलाच तर तो जमिनीत जावा म्हणून अर्थिंग केलं. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, 'माणसं काम करत आहेत' ही पाटी अडकवली. वहीत वेळ आणि नाव लिहिलं. मग फोन उचलला.

"लाइन बंद आहे. किती जण चढता?"

"दोघं. मी अन् भाऊराव काका."

"काकांना वर काहून चढवता?"

मागून काकांचा आवाज आला, "तिले सांग, मी शिडी धरतो. आपला हेल्पर गोपाल चढून राहिला."

"मग मी अन् गोपाल," कोमल म्हणाली.

"चढा."

लोकांचे फोन येत होते. लाइट कधी येणार, कूलर बंद आहे, घरात म्हातारं माणूस आहे. मी प्रत्येकाला सांगत होते, वर माणसं आहेत, ती उतरल्याशिवाय नाही. एक जण रागावून म्हणाला, तुमच्या साहेबांना फोन करतो. मी म्हणाले, करा. अर्धा तास झाला, पाऊण झाला. माझा हात किल्लीवर होता आणि मी घाई केली नाही.

मग कोमलचा फोन आला. "मॅडम, काम झालं. परमिट परत."

"दोघं चढले होते. दोघं खाली आहेत?"

"हो."

"तुला स्वतःला दिसून राहिले का, का कोणी सांगितलं?"

"माझ्या बाजूलेच उभा हाये गोपाल. काका शिडी बांधून राहिले."

मी कुलूप उघडलं, पाटी काढली, अर्थिंग काढलं, आणि लाइन सोडली.